कॉपीरायटिंगमध्ये स्पेशालिटी कशी निवडायची: नागपुरात बसून फ्रीलान्सिंग करणाऱ्यांसाठी

कॉपीरायटिंग म्हणजे धंद्यांसाठी माल किंवा सेवा विकणारा मजकूर लिहिणं. आपल्याकडच्या फ्रीलान्स लिहिणाऱ्यांचे लिंक्डइन प्रोफाइल उघडून बघा, बहुतेक ठिकाणी एकच ओळ दिसते: वेबसाइट, ब्लॉग, सोशल मीडिया, ब्रोशर, व्हिडिओ स्क्रिप्ट, सगळं लिहून मिळेल, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हीत. लिहिणाऱ्याला वाटतं जितकी नावं टाकू तितकं काम येईल, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात एवढंच राहतं की हा माणूस लिहितो, आणि लिहिणारे तर ढीगभर आहेत बावा, मग जो कमी घेईल त्याला देऊ. आणि आता त्या कमी पैशाच्या रांगेत चॅटजीपीटी पण येऊन उभं राहिलंय, ते तर फुकटच.

स्पेशालिटी घेतली की काय बदलतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची मेहनत कशासाठी ते कळेल. बिल्डरचं पहिलं ब्रोशर लिहिताना कार्पेट एरिया म्हणजे काय इथपासून शिकावं लागतं, पाचव्या ब्रोशरला तोच अभ्यास आधीच झालेला असतो, त्यामुळे वेळ अर्ध्यावर येतो आणि फी मात्र खाली येत नाही. दुसरं म्हणजे रेफरल, एकानं दुसऱ्याला तुमचं नाव सुचवणं. "चांगलं लिहिणारं कोणी आहे का" असं कोणी सहसा विचारत नाही, "क्लिनिकची वेबसाइट लिहून देणारं कोणी आहे का" असं विचारतात, आणि तेव्हा लोकांच्या तोंडी तुमचं नाव यायला पाहिजे.

एक मात्र आहे. ज्यांनी अजून पैसे घेऊन एकही काम केलेलं नाही त्यांनी हा लेख बुकमार्क करून ठेवा आणि आधी जे येईल ते काम घ्या, सहा महिने घ्या, वर्षभर घ्या. डेडलाइन, करेक्शन, पेमेंटचा तगादा, हे सगळं अंगावर पडल्याशिवाय आपल्याला काय जमतं आणि काय झेपत नाही ते घरी बसून कळत नाही.

आधी हे समजून घ्या की स्पेशालिटी तीन प्रकारची असते

लोकांना वाटतं स्पेशालिटी म्हणजे इंडस्ट्री, हेल्थकेअर किंवा रिअल इस्टेट. ती एक बाजू झाली. दुसरी बाजू म्हणजे कामाचा प्रकार: कोणी फक्त लँडिंग पेज (जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणारं पान) लिहितं, कोणी ईमेल सिरीज, कोणी केस स्टडी (एका गिऱ्हाइकाचं काम कसं झालं त्याची गोष्ट), कोणी पॅकेजिंगवरचा मजकूर, कोणी ॲपमधल्या बटणांचे आणि मेसेजचे शब्द. तिसरी बाजू भाषा, आणि ही आपल्याकडचे लोक सगळ्यात कमी वापरतात. बियाण्याच्या कंपनीला विदर्भातल्या शेतकऱ्यासाठी पॅम्फ्लेट पाहिजे असतं, हेड ऑफिस हैदराबादला किंवा पुण्याला असतं, इंग्रजीतून भाषांतर करून आलेलं मराठी वाचून शेतकरी तो कागद भजी खायला वापरतो. तिथे वऱ्हाडातला माणूस कसा बोलतो हे ज्याला माहीत आहे त्याची किंमत वेगळीच.

तिन्हीतली एक बाजू पक्की करा आणि दुसरी थोडी सैल ठेवा. म्हणजे "मॅन्युफॅक्चरिंग कंपन्यांसाठी इंग्रजी केस स्टडी आणि कॅटलॉग" हे चांगलं. "फक्त सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनवाल्यांसाठी फक्त ईमेल" हे एवढं अरुंद होतं की नागपुरात बसून पोट भरणं कठीण, जगभरातून गिऱ्हाईक येणार असेल तर गोष्ट वेगळी.

पहिली पायरी: घरात काय आहे ते लिहून काढा

वही घ्या, आणि तुम्हाला दुसऱ्यांपेक्षा जास्त माहीत असलेलं जग कोणतं ते लिहा. आवड नंतर बघू. बी.फार्म करून दोन वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून फिरलेला मुलगा डॉक्टरच्या केबिनबाहेर बसून जे शिकलाय ते कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही. काटोल-नरखेडकडे ज्यांची संत्र्याची बाग आहे त्यांच्या घरी ताण कधी द्यायचा (म्हणजे झाडाचं पाणी कधी तोडायचं), फळगळ कशानं होते, डिंक्या रोग आला की काय करायचं यावर रोज जेवताना बोलणं होतं. इतवारीत ज्यांच्या घरचं दुकान आहे त्यांना होलसेलवाला कशाला भुलतो आणि कशाला नाही हे लहानपणापासून माहीत आहे. नागपूरच्या विमानतळाजवळच्या मिहानमध्ये टीसीएस किंवा एचसीएलमध्ये टेस्टिंग केलेली मुलगी सॉफ्टवेअर कंपनीचं प्रॉडक्ट पेज जे लिहील ते बाहेरचा लिहूच शकत नाही.

हे सगळं लिहिताना लाजू नका, "हे तर सगळ्यांनाच माहीत असतं" असं वाटतं तिथेच माल असतो बरेचदा. नोकरी, शिक्षण, घरचा धंदा, स्वतःचं किंवा घरच्याचं दुखणं, छंद, जवळचे मित्र कुठे कामाला आहेत, सगळं लिहा. मित्र कशाला, तर पुढच्या पायरीत फोन कोणाला लावायचा हा प्रश्न येणारच आहे.

यातून तीन-चार नावं वेगळी काढा, जास्त नको.

दुसरी पायरी: पैशाचं गणित, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची

माझं मत विचाराल तर स्पेशालिटी चुकते ती इथे. मुलं आवडीच्या मागे जातात, कॅफे आवडतो म्हणून कॅफेसाठी लिहायला लागतात, आणि मग कॅफेवाला पैसे देत नाही म्हणून रडतात. त्याची पण चूक नाही, त्याचं गणितच बसत नाही. समजा धरमपेठेतल्या कॅफेत एका गिऱ्हाइकाचं बिल ४०० रुपये आणि त्यातले मालकाच्या हाती १०० राहतात. तुम्ही वेबसाइट आणि मेनूच्या मजकुराचे १५,००० मागितले, तर फक्त तुमची फी निघायला त्याला दीडशे नवीन गिऱ्हाइकं पाहिजेत. आता रामदासपेठेतलं डेंटल क्लिनिक घ्या, समजा एका इम्प्लांटमागे डॉक्टरच्या हाती १०,००० राहतात. दोन पेशंट आले की तुमचे पैसे वसूल. बिल्डरचा फ्लॅट समजा ६० लाखांचा, तिथे एक फ्लॅट महिनाभर आधी विकला गेला तरी तुमची फी हिशोबात दिसणार पण नाही. हे आकडे मी समजवायला धरलेत, तुमच्या यादीतल्या प्रत्येक धंद्याचे खरे आकडे तुम्ही विचारून काढा.

म्हणून पहिला प्रश्न: तुमच्या शब्दांमुळे एक विक्री जास्त झाली तर गिऱ्हाइकाच्या हाती किती येतात?

दुसरा प्रश्न, लिखाण किती वेळा लागतं? बिल्डरचं काम मोठ्या रकमेचं, पण प्रोजेक्ट सुरू होताना ब्रोशर, वेबसाइट, होर्डिंग असा धबडगा आणि मग वर्षभर शांतता. कोचिंग क्लासला दरवर्षी ॲडमिशनच्या आधी लागतं. ऑनलाइन सामान विकणाऱ्याला दर आठवड्याला ईमेल, ऑफर, नवीन प्रॉडक्टचं वर्णन लागतं, फी लहान पण पाणी आटत नाही.

तिसरा प्रश्न म्हणजे हो कोण म्हणतं आणि चेक कोण फाडतं. हिंगण्याच्या छोट्या युनिटमध्ये मालकच सगळं, चहाच्या एका कपात निर्णय होतो. मोठ्या हॉस्पिटलमध्ये मार्केटिंग मॅनेजर हो म्हणतो, मग डायरेक्टर डॉक्टर बघतात, मग त्यांच्या मिसेस बघतात, मग अकाउंट्समध्ये फाइल जाऊन बसते. दोन्हीकडे काम करता येतं पण तुमच्याकडे तीन महिने थांबायची ताकद आहे का ते आधी बघा.

तिसरी पायरी: आपल्या गावात काय-काय विकलं जातं

फ्रीलान्सिंग ऑनलाइन असतं मान्य, बर्लिनच्या क्लायंटसाठी पण लिहिता येतं, पण सुरुवातीला समोर जाऊन बसता येईल असं गिऱ्हाईक असलं तर धंदा लवकर समजतो. म्हणून नागपूर आणि आजूबाजूचे मोठे धंदे एकेक करून बघू, आणि प्रत्येकात काय कायदा पाळावा लागतो ते पण सांगतो, कारण स्पेशालिस्ट आणि साधा लिहिणारा यातला फरक गिऱ्हाइकाला इथेच दिसतो.

रिअल इस्टेट. वर्धा रोड, बेसा, बेलतरोडी, जामठा, जिकडे बघाल तिकडे प्लॉट आणि टॉवर. अगदी छोटे प्रोजेक्ट सोडले तर महारेराची (राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागते, जाहिरातीत नोंदणी नंबर टाकावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड पण कंपल्सरी झालाय, नाही टाकला तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. ब्रोशरमध्ये "क्लब हाऊस, स्विमिंग पूल" लिहून टाकणं सोपं, पण ते प्रोजेक्टच्या नोंदणीत दाखवलंय का हे विचारणारा कॉपीरायटर बिल्डरला दुसऱ्यांदा पण आठवतो. खराब बाजू: पेमेंटला उशीर, आणि सगळ्यांना "लक्झरी" हाच शब्द पाहिजे.

हॉस्पिटल-क्लिनिक. रामदासपेठ आणि धंतोलीत एका गल्लीत किती बोर्ड आहेत ते मोजून बघा, मध्य प्रदेश-छत्तीसगडपर्यंतचे पेशंट इथे येतात. पण इथे हात बांधलेले असतात. १९५४ चा औषधं आणि जादूटोणा उपायांच्या जाहिरातींचा कायदा डायबेटिस, कॅन्सर अशा आजारांवर "हमखास बरं करू" म्हणू देत नाही, आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करायला मनाई आहे. म्हणजे इथे आरडाओरडा चालत नाही, माहिती देणारं लिखाण चालतं: ऑपरेशनच्या आधी काय खायचं, किती दिवस सुट्टी घ्यावी लागेल, किती वेळा यावं लागेल. ज्याला शांतपणे समजावून लिहिता येतं त्याच्यासाठी हे फिल्ड चांगलं आहे, आणि ज्याला पंचलाइनची हौस आहे त्यानं इकडे येऊ नये. वकील आणि सीए मंडळींवर पण त्यांच्या त्यांच्या संस्थांची जाहिरातीची बंधनं आहेत, तिकडे जायचं असेल तर आधी ती वाचा.

कोचिंग. गल्लोगल्ली जेईई-नीटचे फ्लेक्स. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी खास गाइडलाइन आणल्या, त्यात खोटे सिलेक्शनचे दावे बंद, आणि पास झालेल्या पोराचा फोटो-नाव वापरायचं तर निकाल लागल्यानंतर त्याची लेखी परवानगी पाहिजे. हे माहीत असलेला लिहिणारा क्लासवाल्यांना खरंच लागतो, पण सीझन छोटा आणि घाई खूप, रात्री अकराला फोन येतो, "सर, उद्या सकाळी पेपरला द्यायचंय".

शेतीचं सामान. हे फिल्ड मला स्वतःला सगळ्यात रिकामं वाटतं, म्हणजे चांगले लिहिणारे कमी आणि काम भरपूर. बियाणं, औषधं, ठिबक, सोलर पंप, सगळ्यांना मराठी लिखाण लागतं. कापसाची पेरणी जूनमध्ये, म्हणजे बियाण्याचं पॅम्फ्लेट एप्रिल-मेमध्ये कृषी केंद्राच्या काउंटरवर पोचलेलं पाहिजे, म्हणजे तुम्ही ते फेब्रुवारी-मार्चमध्ये लिहिणार. संत्र्याचे दोन बहार, अंबियाचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे कोणत्या महिन्यात शेतकऱ्याच्या डोक्यात काय चालू आहे हे कॅलेंडरवर मांडता येतं, आणि ते मांडून दाखवलं की कंपनीचा प्रॉडक्ट मॅनेजर खुर्ची पुढे ओढून बसतो. खात्री करायला माणसं पण शहरातच आहेत, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था दोन्ही नागपुरात आहेत, त्यांचे मार्गदर्शक पत्रक वाचायला मिळतात. जबाबदारी मात्र मोठी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. कीटकनाशक ज्या पिकासाठी मंजूर आहे, जी मात्रा लेबलवर आहे, त्याच्या बाहेर एक शब्द लिहायचा नाही, आणि हातमोजे-मास्कची सूचना खाली बारीक अक्षरात ढकलायला सांगितली तर नाही म्हणायचं.

बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी. फॅब्रिकेशन, केमिकल, टेक्स्टाइल, ऑटो पार्ट. यांच्या वेबसाइट उघडा, निम्म्या ठिकाणी "वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर" असंच सुरू होतं. एक ऑर्डर लाखोंची, मालक शिकलेला, निर्णय लवकर, आणि एक्स्पोर्ट करणाऱ्याला चांगलं इंग्रजी पाहिजेच असतं. ग्लॅमर शून्य आहे, इन्स्टाग्रामवर दाखवायला काही मिळत नाही, म्हणूनच गर्दी कमी.

जंगल टुरिझम म्हणजे पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडलाच्या आजूबाजूचे रिसॉर्ट. लिहायला मजा येते, पण पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं आणि मालक लोक त्याच काळात खर्चाला हात आखडतात. नमकीन-मिठाई-मसाल्याचं पॅकेजिंग पण आहे, तिथे एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम वाचून घ्या, "शुगर फ्री", "नॅचरल" असं मनानं लिहिता येत नाही.

चौथी पायरी: खुर्चीवर बसून तपास

दोन-तीन संध्याकाळी एवढं काम करा. फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालू असलेल्या जाहिराती दाखवणारी मेटाची ॲड लायब्ररी फुकट आहे, देश इंडिया निवडा, तुमच्या फिल्डचे शब्द टाका, मराठी-इंग्रजी दोन्ही, आणि कोणती जाहिरात कधीपासून चालू आहे ते बघा. जी चार-पाच महिने चालू आहे त्याच्यावर कोणीतरी सतत पैसे घालतंय, म्हणजे त्या धंद्यात जाहिरातीला बजेट आहे. गूगलचं ॲड्स ट्रान्सपरन्सी सेंटर पण तसंच. महारेराच्या साइटवर जिल्ह्यानुसार नोंदणी झालेले प्रोजेक्ट दिसतात, प्रमोटरच्या नावासकट, म्हणजे ती तुमची गिऱ्हाइकांची यादीच झाली. कारखान्यांसाठी इंडियामार्ट, जिथे ते आपला माल ऑनलाइन मांडतात. आणि रविवारचा लोकमत, हितवाद घेऊन जाहिरातीची पानं बघा, अर्ध्या पानाची जाहिरात देणाऱ्याकडे लिहिणाऱ्याला द्यायला पैसे नाहीत असं होत नाही, त्याला ते द्यायची सवय नाही एवढंच असू शकतं.

लिंक्डइनवर त्या फिल्डमधल्या कंपन्या कंटेंट रायटरच्या जागा काढतात का ते पण बघा. नोकरी काढतात म्हणजे गरज त्यांना कळलेली आहे, अर्धं काम झालं. ज्या धंद्यात लिखाणाला पैसे द्यायचे असतात हेच अजून कोणाला माहीत नाही, तिथे पहिली दोन वर्षं तुमची शिकवण्यातच जातील.

पाचवी पायरी: माणसांशी बोला, आणि विकू नका

यादीतल्या प्रत्येक फिल्डमधल्या तीन-चार लोकांना भेटा. ओळखीनं जा, नागपुरात दोन फोनमध्ये ओळख निघतेच. सिव्हिल लाइन्समध्ये विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, हिंगण्यात आणि बुटीबोरीत कारखानदारांच्या संघटना आहेत, बिल्डरांची क्रेडाई आहे, त्यांच्या कार्यक्रमांना जाऊन मागे उभं राहायचं आणि ऐकायचं.

भेटल्यावर "मी कॉपीरायटर आहे, काही काम असेल तर सांगा" असं सुरू केलं की संपलं. असं विचारा: सर, मागच्या वेळी कॅटलॉगचा मजकूर कोणी लिहिला होता? किती दिवस लागले? तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की पहिला प्रश्न काय असतो? माल न घेता परत जातात ते काय म्हणून जातात? वर्षातून असं लिखाण कितीदा लागतं?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर येतं, "डिझायनरनंच लिहून दिलं ना भाऊ" किंवा "पोरानं केलं, तो इंजिनीअरिंगला आहे". इथे नाराज व्हायचं काम नाही, फक्त पुढचा प्रश्न टाका: मग ते वाचून कोणाचा फोन आला का? तिथे मालक स्वतःच खरं बोलायला लागतात. आणि त्यांचे जे शब्द येतील ते तसेच्या तसे वहीत उतरवा, "पार्टी रेट विचारते आणि गायब होते" असं कोणी म्हटलं तर उद्या तुमच्या सेवेच्या पानावर हेडलाइन तीच.

परत आल्यावर स्वतःला विचारा, या लोकांशी पुढची तीन वर्षं रोज बोलायचं आहे, जमेल का? आवडीचा प्रश्न मी मुद्दाम इथपर्यंत ढकलला होता. विषय आवडणं आणि त्या विषयातली माणसं आवडणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काम माणसांशी पडतं.

सहावी पायरी: एक फिल्ड घेऊन नमुने तयार करा

एकच घ्या. तीन नमुने लिहा, कोणी सांगितलं नसताना, आणि वर स्पष्ट लिहा की हे सरावासाठी केलंय, गिऱ्हाइकाचं काम नाही. खऱ्या कंपनीचं नाव घेऊन त्यांच्या मजकुराची चिरफाड करून पोस्ट टाकायची फॅशन आहे, त्या भानगडीत पडू नका, गाव लहान आहे.

नमुना कसा, तर समजा फॅब्रिकेशनचं युनिट. आधीचा मजकूर असतो: "आमची कंपनी गुणवत्ता आणि ग्राहक समाधानासाठी ओळखली जाते. आम्ही अत्याधुनिक यंत्रसामग्रीद्वारे उत्कृष्ट सेवा पुरवतो." हे वाचून पर्चेस मॅनेजरला काय कळलं? काहीच नाही. त्याच्याशी बोलल्यावर कळतं की त्याला वजनाची मर्यादा, वेल्डरचं सर्टिफिकेट, टेस्टिंग कुठे होतं आणि कोटेशन कधी मिळणार एवढंच बघायचं असतं. मग मजकूर होतो: "१० टनांपर्यंतच्या टाक्या आणि स्ट्रक्चर. कटिंगपासून पेंटिंगपर्यंत सगळं बुटीबोरीच्या एकाच शेडमध्ये. वेल्ड टेस्टिंगचे रिपोर्ट मालासोबत. ड्रॉइंग पाठवा, दोन दिवसांत कोटेशन." एकही विशेषण नाही, आणि तरी दुसरा जास्त विकतो.

सोबत दोन वाक्यं लिहा, मी हे असं का बदललं. नमुन्यापेक्षा ती दोन वाक्यं गिऱ्हाईक जास्त लक्ष देऊन वाचतं, कारण त्यात त्याला दिसतं की ह्याला आपला धंदा कळतो.

सातवी पायरी: तीन महिने ट्रायल

अजून जाहीर काही करायचं नाही. चालू कामं चालू ठेवा, आणि आठवड्यातले ठरावीक तास नव्या फिल्डला द्या. वीस-पंचवीस जणांची यादी करून एकेकाला मेसेज, प्रत्येकाला वेगळा, त्याची वेबसाइट किंवा ब्रोशर बघून एक कामाची गोष्ट सांगणारा. दोन-तीन छोटी कामं पैसे घेऊन करा. कमी घ्या, पण फुकट करू नका, फुकटचं काम गिऱ्हाईक वाचत पण नाही आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही.

या काळात चार गोष्टी लिहून ठेवत जा: किती जणांनी उत्तर दिलं, पैशाचं बोलणं कुठे अडलं, एका कामाला किती तास लागले, आणि तिसऱ्या कामाला बसताना कंटाळा आला का. तास कमी होत चाललेत आणि लोक भाव ऐकून पळत नाहीत तर पुढे जा. उत्तरं येतात पण सगळे "खूप जास्त सांगितलं" म्हणतात तर फिल्ड तेच ठेवून कामाचा प्रकार बदलून बघा, क्लिनिकवाला ब्लॉगचे पैसे देत नसेल पण वेबसाइटचे देईल. उत्तरच येत नसेल तर मेसेज बदला, मग माणसं बदला, आणि तरी शांतता असेल तर यादीतलं दुसरं नाव काढा. त्यात काही गेलं नाही, जे शिकलात ते कुठेतरी लागतंच.

आठवी पायरी: आता सांगा सगळ्यांना

एक ओळ. कोणासाठी, काय लिहिता, त्यानं त्यांचं काय होतं. "विदर्भातल्या शेतकऱ्यांना माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी मराठी पॅम्फ्लेट आणि व्हिडिओ स्क्रिप्ट." "कारखान्यांसाठी इंग्रजी कॅटलॉग, जे वाचून पर्चेसवाला कोटेशन मागतो." लिंक्डइनची हेडलाइन, व्हॉट्सॲप बिझनेसचं वर्णन, ईमेलची सही, सगळीकडे तीच ओळ. "पॅशनेट स्टोरीटेलर" काढून टाका प्लीज.

जुन्या गिऱ्हाइकांना हाकलू नका. कॅफेवाले दादा अडचणीच्या काळात काम देत होते, त्यांचं काम जुन्या भावात वर्षभर करा, किंवा नव्यानं सुरू करणाऱ्या एखाद्याला जोडून द्या आणि स्वतः एकदा नजर टाका. नवीन बाहेरचं काम आलं तर घ्यायचं की नाही? भाडं भरायचं असेल तर घ्या, फक्त पोर्टफोलिओत टाकू नका.

भाव शब्दावर सांगणं इथे बंद. "शब्दाला किती" विचारणाऱ्याला कामाचा पूर्ण भाव सांगा, त्यात भेट, अभ्यास, दोन वेळा करेक्शन धरून. अर्धे आधी, अर्धे फायनल फाइल देताना, आणि हे व्हॉट्सॲपवर नको, साध्या एका पानावर लिहून दोघांची सही. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) करून टाका, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. नोंदणी असली की एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी ठरलेलं असेल तरी ४५ दिवसांच्या आत पेमेंट करायचं बंधन गिऱ्हाइकावर येतं, बिलावर तो नंबर छापला की अकाउंट्सवाले जरा लवकर हलतात. वर्षाची जमा २० लाखांच्या वर चालली तर जीएसटीसाठी सीएकडे जा.

स्पेशालिटी घेतली की एक नवीनच भानगड सुरू होते, आणि तिच्याबद्दल कोणी आधी बोलत नाही: एकाच फिल्डमधले दोन स्पर्धक तुमच्याकडे येतात. बेसामधले दोन बिल्डर, समोरासमोर प्रोजेक्ट, दोघांचं ब्रोशर तुमच्याकडे. नागपुरात हे लपत नाही, दुसऱ्या दिवशी कळतं. म्हणून पहिल्याला आधीच सांगा की मी इतके महिने या भागातल्या दुसऱ्या प्रोजेक्टचं काम घेणार नाही, त्याचे पैसे वेगळे. दिले तर ठीक, नाही दिले तर मोकळे. आणि एकाचे आकडे, ऑफर, लाँचची तारीख दुसऱ्याच्या समोर तोंडातून निघता कामा नये, चहा पिताना पण नाही.

दुसरी स्पेशालिटी कधी

पहिलीतून नियमित काम यायला लागल्यावर, आणि कॅलेंडर बघून. प्रत्येक फिल्डचे थंड महिने असतात. शेतीच्या कंपन्यांचं लिखाण जानेवारी ते एप्रिल जोरात आणि जूननंतर कमी, तेव्हा रिसॉर्टवाल्यांना १ ऑक्टोबरच्या आसपास गेट उघडायच्या आधी वेबसाइट आणि पॅकेजचा मजकूर लागतो, म्हणजे ते काम ऑगस्ट-सप्टेंबरचं. खर्चाला हात आखडलेला असतो म्हणून हे बोलणं जूनमध्येच, सीझनचा पैसा हातात असताना करून ॲडव्हान्स घेऊन ठेवायचा. कोचिंगसोबत शेती घ्याल तर दोन्हीकडची घाई मार्च-एप्रिलमध्ये एकत्र अंगावर येईल. बारा महिने एका कागदावर आडवे लिहा, पहिल्या फिल्डचे महिने रंगवा, आणि जे पांढरे राहतात त्यात बसणारं फिल्ड जुन्या यादीतून शोधा, पण हेडलाइनमध्ये नाव पहिल्याचंच राहू द्या, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांना वेगळं पान बनवून त्याची लिंक पाठवा.